व्हायब्रफोन : चार मॅलेटची पकड, डॅम्पिंग आणि पेडल

तिहाई

व्हायब्रफोनवर, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांच्या वाद्यावर, दोन मॅलेटने (टोकाला गोळा असलेल्या दांड्यांनी) स्केल, आर्पेजिओ आणि मध्यम लयीतल्या बीबॉपच्या ओळी जमतात. आता चार मॅलेट हातात घ्यायचे आहेत, म्हणजे सोलोबरोबर कॉम्पिंगही (कॉर्डची साथ) करता येईल. पण जितकं वाचावं तितका घोळ वाढतोय. कुणी म्हणतं बर्टन ग्रिपच (पकड) घ्या, कुणी म्हणतं स्टीव्हन्स शिका म्हणजे मरिंबालाही (लाकडी पट्ट्यांच्या वाद्यालाही) चालेल, तर कुणी जुन्या क्रॉस ग्रिपवरच खूश.

१. जॅझसाठी कुठली ग्रिप, आणि का?
२. चार मॅलेट धरले की आतले दोन खाली झुकतात आणि बाहेरचे दोन हवेत राहतात. हे कशामुळे होतं?
३. पेडल दाबून ठेवलं की सगळ्या स्वरांचा काला होतो, सोडलं की नुसती कोरडी ठकठक. यातून मार्ग काय?

सविस्तर लिहिलंत तर बरं होईल.

खर्ज

पहिल्या दोन प्रश्नांवर लिहितो. तिसऱ्यावर फेल्टबार यांनी लिहावं, त्यांचा तो प्रांत आहे.

मॅलेटचे आकडे डावीकडून उजवीकडे १, २, ३, ४ असे धरू. काही पद्धतींत उलटे असतात, म्हणून दुसरीकडचं फिंगरिंग वाचताना आधी ते तपासा.

जॅझसाठी बर्टन ग्रिपच. ती अशी, उजवा हात :

तळहात वर करा. मॅलेट ४, म्हणजे बाहेरचा, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात ठेवा. त्याची दांडी थेट तळहातावर टेकली पाहिजे. आता मॅलेट ३ अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये ठेवून त्याचं शेपूट ४ च्या दांडीवरून करंगळीच्या दिशेने न्या. फुली तयार होईल. अनामिका आणि करंगळी या ३ च्या शेपटावर मिटा. फुलीच्या मागे दांडी दोनेक ते चार सेंटिमीटर उरू द्या. मग हात पालथा करा. आता तळहाताला लागून बाहेरचा मॅलेट आहे आणि त्याच्या खालून आतला गेलाय. जुन्या क्रॉस ग्रिपमध्ये हा क्रम नेमका उलटा असतो : आतला तळहाताला लागून, बाहेरचा त्याच्या खाली. बघायला फरक किरकोळ, पण हाताला लगेच कळतो. बर्टनमध्ये बाहेरचा मॅलेट तळहात आणि दोन बोटांमध्ये पक्का बसतो, त्यामुळे ४ ने मेलडी ठणकावून वाजवता येते. जुन्या ग्रिपमध्ये बाहेरचा थोडा लुळा पडतो. हलक्या कॉर्डसाठी ते चालतं, ॲक्सेंट द्यायला (एखादा स्वर ठासून वाजवायला) गेलं की उणीव दिसते.

अंतर कमी-जास्त करणं : लहान अंतरासाठी अंगठा ३ च्या बाहेरच्या अंगाला राहतो, आणि अनामिका-करंगळी शेपूट ओढून घेतात. पाचवीच्या (सी ते जी एवढ्या अंतराच्या) पुढे जायचं असेल तर अंगठा दोन दांड्यांच्या मध्ये शिरतो आणि ३ ला बाहेर ढकलतो, तर्जनी सरळ होते. बोटं हवेत असतानाच हा बदल झाला पाहिजे. पट्टीवर मॅलेट टेकवून अंतर जुळवायची सवय लागली की ती सुटायला फार त्रास देते.

तुमचा दुसरा प्रश्न. आतले मॅलेट खाली झुकतात याचा अर्थ हात पूर्ण पालथा नाही, अंगठा वरच्या बाजूला कलंडतोय की काय, किंवा कोपर चुकीच्या जागी आहे, हे आधी बघा. हाताची मागची बाजू छताकडे सपाट हवी. दोन्ही गोळे पट्टीपासून सारख्याच उंचीवर आहेत का हे डोळे पट्टीच्या पातळीवर आणून, बाजूने वाकून बघा. वरून बघून कळत नाही. दुसरं कारण म्हणजे फुली फार पुढे सरकलेली असते. फुली बोटांच्या बेचक्याजवळ आली की अंगठ्याला जोर उरत नाही. ती तळहाताच्या आत राहिली पाहिजे.

वादकांमध्ये एकेरी ओळीसाठी २ आणि ४ ची जोडी पुष्कळ वापरली जाते. डाव्या हाताचा आतला, उजव्याचा बाहेरचा. सुरुवातीला विचित्र वाटतं, कारण २ आणि ३ जवळजवळ असतात आणि त्यांनी वाजवणं साहजिक वाटतं. पण बर्टन ग्रिपमध्ये ४ हाच बळकट, आणि तो वापरला की ३ आपसूक बाजूला राहतो, दोघांची टक्कर होत नाही.

निषाद

खर्ज यांच्याशी बहुतांश सहमत, पण स्टीव्हन्सला इतक्या पटकन बाद करू नका. मूळ ती मसर ग्रिपमधून निघालेली. दांड्या एकमेकींना ओलांडत नाहीत. बाहेरचा मॅलेट अनामिका-करंगळीत, आतला अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटावर, शेपूट तळहातात. हात उभा, अंगठा वर. फायदा दोन ठिकाणी : एका हाताचा रोल (जलद आलटूनपालटून आघात) आणि मोठी अंतरं. मनगट गोल फिरवून एका हाताने दोन मॅलेट आळीपाळीने वाजवणं स्टीव्हन्समध्ये जितकं मोकळं होतं तितकं बर्टनमध्ये होत नाही, कारण तिथे दांड्या एकमेकींत अडकलेल्या असतात.

खर्ज

निषाद, मान्य. पण व्हायब्रफोनवर एका हाताचा रोल किती लागतो? मरिंबाचा स्वर लाकडाचा, पटकन विझतो, म्हणून तिथे लांब स्वर रोलने धरावा लागतो. ॲल्युमिनियमची पट्टी पेडल दाबलं की आपसूकच वाजत राहते. मोठ्या अंतराचंही तसंच. व्हायब्रफोनच्या पट्ट्या मरिंबाच्या खर्जातल्या पट्ट्यांपेक्षा बऱ्याच अरुंद असतात, त्यामुळे बर्टन ग्रिपमध्ये सप्तक गाठायला अडचण येत नाही.

आणि ॲक्सेंटचा मुद्दा उरतोच. स्विंगच्या ओळीत एखादा ऑफबीट उचलून मारायचा असतो तेव्हा बाहेरचा मॅलेट करंगळीच्या भरवशावर नसलेला बरा.

निषाद

तिथे हरलो. ज्याला मरिंबाही वाजवायचाय त्याने दोन्ही ग्रिप शिकाव्यात, फक्त व्हायब्रफोन असेल तर बर्टन. एवढं लिहून थांबतो.

दांड्यांबद्दल मात्र एक गोष्ट राहिली. बर्टन ग्रिपसाठी रॅटनच्या, म्हणजे वेताच्या दांड्या घ्या. बर्चच्या गुळगुळीत दांड्या फुलीत एकमेकींवरून घसरतात आणि त्यांची टकटक मायक्रोफोनमध्ये येते. वेताचा पृष्ठभाग थोडा खरखरीत, त्यामुळे पकडून राहतो. शिवाय तो वाकतो, त्यामुळे आघात मऊ होतो. बर्चची जागा स्टीव्हन्समध्ये, जिथे दांडी टोकाशी धरतात आणि लवचीकपणा नको असतो.

गोळ्यावर दोरा हवा. लोकर गुंडाळलेले मॅलेट मरिंबाचे. ते व्हायब्रफोनवर लावले तर आघाताची धार जाते, आणि ड्रम-बास सुरू झाले की तुमच्या ओळी ऐकूच येत नाहीत.

काडीपेटी

चारही मॅलेट एकाच कडकपणाचे घ्यायचे का?

निषाद

शिकताना हो. कान आणि हात दोन्ही सारखे होऊ द्या. पुढे ४ क्रमांकाचा एक पायरी कडक घेतला की मेलडी कॉर्डच्या वर तरंगते. खालच्या सप्तकाला फार कडक मॅलेट लावला तर मूळ स्वरापेक्षा धातूचा खणखणाट जास्त येतो, आणि अगदी मऊ मॅलेटला वरच्या सप्तकात दाद मिळत नाही. मध्यम कडकपणा ही दोघांतली तडजोड.

फेल्टबार

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, आणि माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे. ग्रिपवर तास घालवले जातात, पण व्हायब्रफोनवर स्वर सुरू करणं सोपं आणि संपवणं अवघड. काल्याचं कारण ग्रिप नव्हे.

आधी पट्टी कशी कंप पावते ते बघा, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. पट्टीचा मध्य आणि दोन्ही टोकं सर्वांत जास्त हलतात. दोन्ही टोकांपासून लांबीच्या सुमारे २२ टक्क्यांवर एकेक जागा जवळपास स्थिर असते. तिथूनच दोरी ओवलेली असते, कारण तिथे आधार दिला तर कंपन मरत नाही. यातून तीन गोष्टी निघतात :

• दोरीवर मारलं तर स्वर मेलेला येतो. मध्यावर, पट्टीखालच्या नळीच्या तोंडावर मारा, किंवा मध्यापासून किंचित बाजूला.
• काळ्या पट्ट्या (पियानोच्या काळ्या कळांच्या जागी असलेली मागची रांग) घाईत टोकावर मारल्या तरी चालतात, टोक हलतं म्हणून. मध्यापेक्षा मूळ स्वर थोडा पातळ येतो, इतकंच.
• स्वर थांबवायला मॅलेट मध्यावर किंवा टोकावर टेकवावा लागतो. दोरीवर टेकवला तर काही फरक पडणार नाही. डॅम्परचा, म्हणजे पेडल सोडलं की स्वर थांबवणाऱ्या भागाचा, फेल्टही पट्ट्यांच्या टोकांनाच लागतो, तो याच कारणाने.

आता पेडल. टाच जमिनीवर, पंजा पेडलवर, वजन दुसऱ्या पायावर. पियानोसारखंच असेल असं धरून चालू नका. पियानोत स्वर वाजल्यावर मागून पेडल दाबता येतं, कारण कळ दाबलेली असेपर्यंत तो स्वर मोकळा असतो. इथे फेल्ट टेकलेला असताना मारलं की स्वर तिथेच गुदमरतो, आणि नंतर पेडल दाबून तो परत येत नाही. म्हणून क्रम असा : नव्या कॉर्डच्या किंचित आधी पाय वर, जुने स्वर थांबले, आणि आघाताच्या क्षणीच पाय खाली. मधली फट जितकी लहान तितकं सलग ऐकू येतं. फट मोठी झाली की बारच्या सुरुवातीला भोक पडतं. पाय आघातानंतर खाली गेला की नवा कॉर्ड बोथट.

अर्धं पेडल : फेल्ट पट्ट्यांना जेमतेम स्पर्शेल इतकंच दाबायचं. स्वर लगेच मरत नाही, पण लवकर विरतो. जलद एकेरी ओळीत हे फार कामाला येतं, पूर्ण कोरडं वाटत नाही आणि कालाही होत नाही. ती जागा प्रत्येक वाद्यावर वेगळी असते. खालचा एफ वाजवून पाय हळूहळू उचलत जा आणि विरण्याचा वेग बदलतो ती जागा पायाला ओळखीची करून घ्या.

मॅलेट डॅम्पिंग (मॅलेट टेकवून स्वर थांबवणं) याहून महत्त्वाचं, कारण पेडल सगळे स्वर एकदम थांबवतं आणि मॅलेट हवा तेवढाच. पहिला व्यायाम, दोन मॅलेट, पेडल पूर्ण दाबून ठेवलेलं :

सी उजव्याने. डी डाव्याने, आणि त्याच क्षणी उजवा सी वर टेकवा. ई उजव्याने, त्याच क्षणी डावा डी वर. असं वर जा, तसंच खाली या. दर क्षणी एकच स्वर ऐकू आला पाहिजे. मेट्रोनोम ६० वर, ठोक्याला एक स्वर. त्याहून जलद सुरू करू नका. दोन हात एकाच वेळी वेगवेगळं काम करताहेत, एक मारतोय आणि एक दाबतोय. सुरुवातीला दाबणारा हातही मारून बसतो.

टेकवताना आवाज झाला तर मॅलेट वरून पडतोय. तो पट्टीच्या अगदी जवळ आणून मग दाबायचा. कडक मॅलेटने वाजणारी पट्टी दाबली की घरघर येते. हलक्या हाताने टेकवल्यावरही येते, कारण गोळा पट्टीवर उड्या मारतो. निर्धाराने दाबा. सुरुवात मध्यम-मऊ मॅलेटने करा.

खालच्या सप्तकात पट्ट्या बराच वेळ वाजतात, वरच्या सप्तकात लवकर विरतात. म्हणून डॅम्पिंगची सारी मेहनत खालच्या दीड सप्तकात केली तरी निम्म्याहून जास्त काम झालं.

तिहाई

फेल्टबार, खर्ज, निषाद, खूप आभार. दोरीच्या जागेचा मुद्दा कुठेच वाचला नव्हता. दोन उपप्रश्न : कॉर्ड बदलताना दरवेळी पेडल बदलायचं की मॅलेटने निवडून थांबवायचं? आणि दोन-पाच-एकसाठी (जॅझमधल्या नेहमीच्या तीन कॉर्डच्या साखळीसाठी) सुरुवातीला कुठली व्हॉइसिंग (कॉर्डच्या स्वरांची मांडणी) घ्यावीत? पियानोच्या पुस्तकातली लावायला गेलो तर डावा हात वाद्याबाहेर जातो.

खर्ज

बाहेर जाणारच. नेहमीचा व्हायब्रफोन तीन सप्तकांचा, एफ ३ ते एफ ६. मधल्या सी च्या खाली तुमच्याकडे फक्त पाचवीचं अंतर आहे. रूट (कॉर्डचा मूळ स्वर) बासवाल्याला द्या. चार मॅलेटमध्ये तिसरा, सातवा आणि दोन रंगाचे स्वर एवढंच ठेवा.

सी मेजरमध्ये हे घ्या. आकडा सप्तकाचा, सी ४ म्हणजे मधला सी :

डी मायनर नाइन : डावा सी ४–ई ४, उजवा एफ ४–ए ४
जी थर्टीन : डावा बी ३–ई ४, उजवा एफ ४–ए ४
सी मेजर नाइन : डावा बी ३–डी ४, उजवा ई ४–जी ४

बघा किती कमी हलतंय. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना फक्त मॅलेट १ एक पट्टी डावीकडे. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर उजवा हात अंतर न बदलता एक पट्टी खाली, डाव्यात चौथीची तिसरी होते. बर्टन ग्रिप नव्याने घेणाऱ्याला हे आदर्श, कारण उजव्या हाताला तिन्ही ठिकाणी तिसरीचंच अंतर. हाताची ठेवण न बदलता पेडलकडे लक्ष देता येतं.

हे बारा स्वरांत न्या, पण आधी एफ, बी-फ्लॅट आणि ई-फ्लॅट. काळ्या पट्ट्या आल्या की कोपराचा प्रश्न येतो. उजव्या हातात बाहेरचा मॅलेट काळ्या पट्टीवर आणि आतला पांढऱ्यावर असेल तर कोपर अंगापासून बाहेर. आतला काळ्यावर आणि बाहेरचा पांढऱ्यावर असेल तर कोपर अंगाजवळ. डाव्या हाताला हेच आरशातल्यासारखं. मनगट वाकडं करून ही जागा गाठणारे पुष्कळ दिसतात. मनगट दुखायला लागतं आणि मॅलेटचा जोरही जातो. जास्तच वळायचं असेल तर पाऊल टाका, पेडलचा पाय तेवढा जागेवर.

फेल्टबार

याच व्हॉइसिंगवर तिहाई यांच्या पहिल्या उपप्रश्नाचं उत्तर देतो.

डी मायनरवरून जी वर जाताना ई, एफ आणि ए तसेच राहतात. खटकतो फक्त सी, कारण तो नव्या बी ला खेटून आहे. इथे पेडल बदललं तर चारही स्वर नव्याने मारावे लागतात. त्याऐवजी पेडल खालीच ठेवा. मॅलेट १ ने बी ३ मारा आणि त्याच वेळी मॅलेट २ सी ४ च्या मध्यावर टेकवा. ई, एफ, ए वाजतच आहेत. चार स्वरांचा कॉर्ड एका आघातात बदलला. हाताने करायला सोपं नाही : डाव्या हाताचं अंतर तिसरीवरून दुसरीवर आणायचं आणि एक मॅलेट मारताना दुसरा दाबायचा. सुटं करून, फक्त डाव्या हाताने, बिनालयीचं घोटा.

जी वरून सी वर जाताना तसं करू नका. एफ, ए दोन्ही जायला हवेत, डी आणि जी नवे यायला हवेत. तीन मॅलेट जागा बदलतात, म्हणून तिथे पेडलच. थोडक्यात हिशोब असा : एकाच मॅलेटचा स्वर बदलत असेल तर मॅलेट डॅम्पिंग, तिघांचे बदलत असतील तर पेडल, दोघांचे बदलत असतील तर लय बघून ठरवा. जलद लयीत कुणालाही निवडून डॅम्प करायला वेळ मिळत नाही.

मेलडीखाली कॉर्ड धरून ठेवायचा असतो तेव्हा मात्र मॅलेट डॅम्पिंगला पर्याय नाही. बॅलडमध्ये डाव्या हाताचे दोन स्वर वाजत ठेवून उजव्या हातातली ओळ एकेका स्वराने स्वच्छ पुढे जाते, ते सगळं यातूनच येतं. छापील संगीतात थांबवायच्या स्वराजवळ छोटी फुली असते, ती वाचायला शिका.

सम

सगळे चार मॅलेटच्या मागे. व्हायब्रफोनवादक मिल्ट जॅक्सन यांनी जन्मभर जे वाजवलं ते प्रामुख्याने दोन मॅलेटवर. ब्लूजचा तो भाव चारमध्ये येत नाही.

खर्ज

सम, भाव मॅलेटच्या संख्येत नसतो हे तुम्हालाही माहीत आहे :) पण मुद्दा घेण्यासारखा आहे. दोन मॅलेटमध्ये दांडी मोकळी असते, आघात जोरात पडतो, गतीला अडथळा नसतो. म्हणून चार शिकतानाही रोजच्या सरावातला एक भाग दोनवर ठेवावा. दुसऱ्या बाजूला रेड नॉर्व्हो १९३३ सालीच मरिंबावर चार मॅलेट घेऊन ध्वनिमुद्रण करत होते, म्हणजे चार मॅलेट ही काही कालची टूम नाही. गॅरी बर्टन यांनी त्यातून सोलो वाद्य उभं केलं : मेलडी, कॉर्ड आणि बास तिन्ही एकट्याने.

दोनवाल्यांसाठी एक तांत्रिक गोष्ट. एकाच पट्टीवर दोन्ही मॅलेट येतात तेव्हा डावा किंचित पुढे, काळ्या पट्ट्यांच्या बाजूला ठेवा. दोन्ही मध्याजवळच पडले पाहिजेत, नाहीतर एक स्वर भरीव आणि एक पोकळ येतो. रेकॉर्डिंगमध्ये हे लगेच पकडलं जातं.

चकती

व्हायब्रफोनच्या मोटरबद्दल कुणीच बोललं नाही अजून.

नळ्यांच्या तोंडाशी चकत्या फिरतात, नळी उघडते-मिटते आणि आवाज कमी-जास्त होतो. लोक याला व्हायब्रॅटो म्हणतात, पण इथे हलते ती मुख्यतः स्वराची पातळी, उंची नव्हे. व्हायब्रफोनवादक लायोनेल हॅम्प्टन यांची मोटर जलद, मिल्ट जॅक्सन यांची संथ, गॅरी बर्टन यांनी ती बहुतेक बंदच ठेवली. चार मॅलेटवर दाट कॉर्ड वाजवताना मोटर चालू असेल तर सगळे स्वर एकत्र हेलकावतात आणि गचका बसल्यासारखं होतं. संथ बॅलडमधल्या एकेरी ओळीला मात्र संथ मोटर शोभते. गाण्याच्या लयीशी तिचा वेग अगदी जुळवू नका. जुळला की प्रत्येक ठोक्याला एकसारखा फुगा येतो आणि स्विंग मरतो.

मोटर बंद केल्यावर चकत्या कुठे थांबल्या ते नक्की बघा. आडव्या राहिल्या तर नळ्या बंद, आणि वाद्य गळा दाबल्यासारखं वाजतं. खालची एखादी पट्टी वाजवून पुली हाताने हळू फिरवा, आवाज सर्वांत मोठा होईल तिथे सोडा. दोन्ही रांगांसाठी वेगवेगळं करा. एक रांग उघडी आणि दुसरी मिटलेली असेल तर काळ्या पट्ट्या मागे पडल्यासारख्या वाटतात, आणि वादक बिचारा स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

काडीपेटी

स्वर वाकवता येतो ना यात? मींड काढतात तसं?

चकती

येतो, पण फक्त खाली, आणि फार तर अर्ध्या सुराच्या आसपास. पेडल दाबा. एका हातात कडक रबरी मॅलेट घ्या आणि तो दोरीच्या जागेवर पट्टीवर घट्ट दाबून ठेवा. तिथे तो कंपन मारत नाही, हे फेल्टबार यांनी वर सांगितलंच आहे. दुसऱ्या हाताच्या नेहमीच्या मॅलेटने मध्यावर मारा आणि लगेच रबरी मॅलेट दाबलेला ठेवूनच मध्याकडे सरकवा. स्वर घसरत खाली येतो आणि मध्याजवळ पोचता पोचता विझतो. उलट दिशेने, मध्याजवळून दोरीकडे नेलं तर वर चढत मूळ स्वरावर येतो, पण आवाज क्षीण राहतो.

खालच्या सप्तकात छान होतं, वर स्वर लवकर विझत असल्याने वेळच मिळत नाही. दाब कमी पडला तर नुसती घरघर. धातूचा किंवा कडक प्लॅस्टिकचा गोळा वापरू नका, पट्टीच्या लेपावर ओरखडे पडतात आणि ते निघत नाहीत.

तिहाई

दोन दिवस फेल्टबार यांचा व्यायाम चालू आहे. एक अडचण : पेडल पूर्ण सोडलं तरी वरच्या टोकाचे स्वर पूर्ण थांबत नाहीत, खालचे मात्र लगेच थांबतात. पायाचं चुकतंय की वाद्याचं?

फेल्टबार

वाद्याचं. डॅम्परची पट्टी कलली आहे. पाय न लावता खालचा एफ, मधला सी आणि वरचा एफ एकामागून एक मारा. तिन्ही सारखेच ठक्क वाजले पाहिजेत. वरचा वाजत राहतोय म्हणजे त्या बाजूला फेल्ट पट्ट्यांपर्यंत पोचत नाही. डॅम्परखालची स्प्रिंग आणि आधाराचे स्क्रू बघा. बहुतेक वाद्यांत ताण तिथे कमी-जास्त करता येतो. एकदम पिळू नका. पाव वेढा फिरवा, तिन्ही स्वर परत तपासा, मग पुढचा पाव वेढा. फार आवळलं तर पेडल जड होतं आणि फेल्ट पट्ट्यांना खालून उचलून धरतो, मग त्या दोरीवर नीट बसत नाहीत.

नंतर पेडलपासून डॅम्परकडे जाणारी सळई तपासा. पेडलला वरच्या बाजूला रिकामा खेळ फार असेल तर पाय हलूनही सुरुवातीला काही होत नाही आणि अर्ध्या पेडलची जागा सापडत नाही. सळईची लांबी बदलून तो खेळ काढा, पण थोडा ठेवा, नाहीतर पाय नुसता टेकला तरी स्वर सुटतील.

स्क्रूने फरक पडला नाही तर फेल्टच बघा. जुना फेल्ट कडक होतो आणि त्यावर पट्ट्यांचे खड्डे पडतात. बोटाने दाबून मऊ लागला पाहिजे. कडक झाला असेल तर स्वर थांबतानाही घरघर ऐकू येते. तो बदलावाच लागतो, घासून उपयोग नाही.

निषाद

तिहाई, दोन बोटांच्या बेचक्यात फोड येत असेल तर घाबरू नका, बर्टन ग्रिपमध्ये सुरुवातीला होतं. पण फोड तळहाताच्या मध्यावर येत असेल तर तुम्ही दांडी आवळताय. फुली अनामिका-करंगळीने धरायची, मुठीने नव्हे. एका वेळी दहा-पंधरा मिनिटं, मग मॅलेट खाली. आणि वेताच्या दांड्या वाकल्या असतील तर हातात दर वेळी वेगळ्या बाजूने येतात आणि गोळ्यांची उंची जुळत नाही. टेबलावर लोळवून बघा. वाकलेली असेल तर वाफेवर गरम करून हाताने सरळ करा आणि थंड होईपर्यंत तशीच धरून ठेवा.